छत्तीस नंबरचा निळा बेल्ट

सातपूरच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा समज असा होता, की बेल्ट मागायचा, पिशवीत टाकायचा आणि निघायचं. मशीन नवं कोरं होतं. बेल्ट सँडर. दोन्ही हातांनी धरायचं, दिसायला दणकट इस्त्री, आणि पोटाखालून घासपेपरचा रुंद पट्टा गरगर फिरणारा. त्या पट्ट्यालाच बेल्ट म्हणतात. मी यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले होते, म्हणजे माझ्या हिशेबानं मी तयारच झाले होते. रुबाबात म्हटलं, "काका, चाळीस नंबरचे चार बेल्ट द्या."

काउंटरमागचा माणूस शेंगा फोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"लाकूड दाखव."

"लाकूड वर्कशॉपमध्ये आहे. मला बेल्ट हवेत."

"मग लाकूड घिऊन ये. त्याला इचारतो काय पायजे ते."

मी तणतणत बाहेर पडले. गिऱ्हाईक दारात आलंय आणि हा माणूस शेंगा खातोय, वर अगं-तुगं करतोय. या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी डब्याच्या रुमालात पाइनचा एक तुकडा गुंडाळून, पर्समध्ये घालून परत तिथंच गेले. कारण मधल्या दोन दिवसांत दुसरीकडून आणलेले दोन बेल्ट पाइनच्या डिंकानं भरून गुळगुळीत झाले होते आणि माझं टेबल जसंच्या तसं खवल्याखवल्यांचं राहिलं होतं.

त्यांनी तुकडा घेतला, हुंगला, चष्मा वर सरकवला आणि तो सरळ गालाला लावला. डोळे मिटून दोनदा गालावरून फिरवला. मी इकडेतिकडे बघायला लागले. परक्या माणसाच्या अशा गोष्टी बघू नयेत असं वाटलं.

"बोटं मेली माझी," ते म्हणाले. "गाल जित्ता हाय अजून. पॅकिंगच्या खोक्याचं दिसतंय. याला दाणे लांब-लांब लावलेला बेल्ट लागतो. दाट दाण्यात डिंक बसतो. चाळीस एक ने, साठ दोन ने, ऐंशी एक. चार चाळीस घिऊन काय वरवंटा करणार हायेस टेबलाचा?"

बेल्टच्या नंबरांचं गणित उलटं असतं, हे इथं सांगून टाकते. नंबर जितका लहान तितका बेल्ट जास्त खरखरीत. चोवीस, छत्तीस, चाळीस हे लाकूड खाणारे. साठ-ऐंशी त्यांनी पाडलेले ओरखडे पुसणारे. एकशेवीस म्हणजे आता हात फिरवायला हरकत नाही. मधला एकही गाळायचा नाही. माझ्यासारखा कुणी शहाणा चाळीसवरून थेट एकशेवीसवर जायला निघाला की काका विचारायचे, "चवथीतून एकदम धाव्वीत? पास व्हशील, पण पॉलिश लावल्यावर समद्यांना दिसंल." आणि दिसायचंच. पॉलिशचा हात फिरला की चाळीसनं काढलेली एकेक रेघ वर येऊन उभी राहायची.

माझी गोष्ट थोडक्यात अशी, की अंबडच्या एका कंपनीत मी बारा वर्षं ड्रॉइंग काढत होते. एक दिवस आमचा विभागच दुसऱ्या शहरात गेला आणि मी नाशकातच राहिले. मशिनरी ज्या पाइनच्या खोक्यांतून येते, ती खोकी कारखान्यांच्या मागच्या अंगणात पडून असतात. त्यांची टेबलं, बाकं, शेल्फं करायची असं मनात घेतलं आणि एक गाळा घेतला. घरचे म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." म्हणजे काय ते मला कळलं होतं. त्यामुळे माझा सगळा धंदा तेव्हा 'दाखवतेच यांना' या एका गोष्टीवर चालला होता. लाकूडकाम मला येत नव्हतं, ते मला काकांनी शिकवलं. शिकवतोय असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि शिकतेय असं मीही कबूल केलं नाही.

काका मूळ विंचूरकडचे. ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. लोखंड ज्याच्या आकारावरून ओतायचं तो साचा केसभर चुकला तर शंभर नग चुकतात. ती धास्ती त्यांच्या अंगात मुरलेली होती. कारखान्यात असतानाच त्यांनी हे दुकान टाकलं होतं, निवृत्तीनंतर ते दिवसभर तिथंच बसायला लागले. दुकानात दुसरं काही नाही, फक्त घासायच्या वस्तू. बेल्ट भिंतीवरच्या जाड पाइपांवर ओळीनं टांगलेले, प्रत्येकाच्या आत पेन्सिलीनं महिना लिहिलेला. बेल्टची घडी घातलेली त्यांना बघवत नसे. एकदा मी बेल्ट दुमडून पर्समध्ये कोंबला तर त्यांनी तो काढून घेतला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "अशी जा." मी सातपूरपासून गंगापूर रोडपर्यंत स्कूटरवर गळ्यात साठ नंबरचे दोन बेल्ट घालून गेले. सिग्नलला लोक वळून बघत होते.

पावसाळ्यात दुकानाचं शटर अर्धं खाली. ओली हवा लागली की बेल्टचा सांधा सुटतो, म्हणून सगळा माल कपाटात आणि कपाटात एक पिवळा बल्ब चोवीस तास लावलेला. काका स्वतः गळक्या पन्हाळीखाली स्टूल टाकून बसायचे. वाकून आत यायचं, लाकूड कोरडं आहे हे दाखवायचं, मग कपाट उघडणार. एकदा दिंडोरीचा एक द्राक्षवाला शेतकरी टेम्पोत अख्खा दरवाजा घालून आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं असावं, की लाकूड दाखवल्याशिवाय तिथं काही मिळत नाही. काकांनी टेम्पोवर चढून दरवाज्याला गाल लावला. तो शेतकरी मला हळूच म्हणाला, "लय मोठा डॉक्टर हाय म्हन्ता?" मी म्हटलं, "लाकडाचा."

मशीन कसं धरायचं हे त्यांनी मला दुकानाच्या ओट्यावर, मशीन बंद ठेवूनच शिकवलं. आधी फिरू द्यायचं, मग टेकवायचं. आधी उचलायचं, मग बंद करायचं. एका जागी थांबायचं नाही, थांबलीस की खड्डा. बेल्टच्या आत बाण असतो, तो मशीन ज्या दिशेला फिरतं तिकडेच हवा. आणि दाबायचं नाही. "वजन मशीनचं हाय. तुझं मदी घालू नको," हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. मला दाबायची फार सवय. माझी आई म्हणते, मी पोळीसुद्धा भांडल्यासारखी लाटते.

बेल्ट भरला की टाकून द्यायचा नसतो. क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तळ फिरत्या बेल्टवर टेकवला की अडकलेला भुसा त्या रबराला चिकटून निघतो. म्हणून काका येणाऱ्याच्या पायांकडे बघत असत. चप्पल झिजलेली दिसली की, "हिचं काय करणार हायेस?" एकदा कुण्या गिऱ्हाइकाची अडचण ऐकून त्यांनी स्वतःच्या उजव्या पायातली चप्पल काढून दिली आणि संध्याकाळी एक पाय अनवाणी घेऊन घरी गेले. काकू मला नंतर सांगत होत्या, "मी म्हटलं, अहो, दुसरी पण द्यायची होती. एकीचं मी काय लोणचं घालू?"

त्यांच्याबद्दलची माझी सगळ्यात आवडती गोष्ट मी पाहिलेली नाही, काकूंनीच सांगितलेली आहे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोहे आले, इकडच्या-तिकडच्या चौकशा चालल्या होत्या. काका वाकले आणि त्यांनी टीपॉयला गाल लावला. मग त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "हे कुणी घासलं?" ते बिचारे चाचरत म्हणाले, "मीच, रिकाम्या वेळात." काका म्हणाले, "एकही नंबर गाळलेला नाय. आमच्याकडून होकार." मुलगी अजून आतल्या खोलीत केस विंचरत होती. ते लग्न झालं, छान चाललंय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. काकांना कसलाच गर्व नव्हता, एक सोडून. "येवढ्या वरसांत चुकीचा बेल्ट दिला नाय," हे ते कुणालाही, कधीही ऐकवत. बेल्ट परत घेऊन कुणी भांडायला आला तर त्याला बसवून दहा प्रश्न विचारत, आणि शेवटी तो माणूस आपली चूक आपल्याच तोंडानं सांगून, वर नवा बेल्ट घेऊन जाई. मी हे तीनदा डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मुलगी रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि पंचवटीतल्या एका व्यायामशाळेत मल्लखांब करायची. खांब जुना, सागवानी, वर्षानुवर्षं एरंडेल पिऊन काळा झालेला. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग सोलवटत नाही. पण त्या उन्हाळ्यात खांबाला कमरेच्या उंचीवर बारीक चिरा पडल्या आणि एका संध्याकाळी रेवाच्या मांडीत बोटभर लांबीचं कुसळ घुसलं. दुसऱ्या दिवशी आणखी एका मुलीच्या. तिथले सर, म्हणजे मुलींचे प्रशिक्षक, फार काळजीत पडले. नऊ दिवसांनी जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि ती त्याच खांबावर, त्याच व्यायामशाळेत व्हायची होती. सिन्नर, निफाड, दिंडोरी, सगळीकडच्या मुली येणार. इतक्या वर्षांत चाचणी पहिल्यांदा त्यांच्याकडे आली होती. खांब खराब आहे असं कळलं असतं तर ती दुसरीकडे गेली असती. आणि आमच्या बारा मुली ज्या खांबावर दोन वर्षं घाम गाळत होत्या, तो सोडून त्यांना परक्या खांबावर चढावं लागलं असतं.

मी म्हटलं, "सर, एका तासाचं काम आहे. माझ्याकडे मशीन आहे."

सरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

मी काकांकडे गेले. "लाकूड दाखव." मी म्हटलं, खांब आहे, पुरलेला, कसा आणू? त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "तेल प्यालेलं लाकूड. त्यात गोल. त्याच्यावर मशीन घालायचं नाय. रविवारी मी येतो, बघू." तो गुरुवार होता. शुक्रवारी मुलींना सुट्टी, व्यायामशाळा दुपारभर मोकळी मिळणार होती, शनिवारी मला दिंडोरीच्या एका वायनरीत बाकं पोचवायची होती. रविवारपर्यंत थांबायला मला वेळ कुठं होता? खरं सांगायचं तर वेळेचा प्रश्नच नव्हता. सगळ्या पालकांना एका तासात चकाचक केलेला खांब दाखवायचा होता मला. मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथं लाकूड कुणी विचारलं नाही. लोखंडालासुद्धा चालतो असा छत्तीस नंबरचा निळा बेल्ट मिळाला, मी दोन घेतले.

पहिला बेल्ट मिनिटभरात तेलानं माखून काळा कुळकुळीत झाला आणि खांबावरून नुसता घसरायला लागला. जळका वास सुटला. मी चिडले आणि दुसरा चढवला. हाही घसरणार म्हणून आधीच जीव खाऊन दाबला. पण वरचा तेलकट थर पहिल्यानं काढला होता. दुसऱ्यानं कोरडं लाकूड धरलं आणि मशीन आत रुतलं. मी उचलेपर्यंत काम झालं होतं. खांबाच्या पोटावर, मुली अढी मारतात, म्हणजे मांड्यांनी खांब धरतात, नेमक्या तिथं तळहाताएवढा चपटा खड्डा. खोली असेल बांगडीच्या जाडीएवढी. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. मला रडूसुद्धा येईना.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी काकांच्या ओट्यावर बसून होते. बाकं न्यायचं दुसऱ्यावर सोपवलं होतं. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता उभं-आडवं घेतील. त्यांनी फक्त विचारलं, "निळा?"

"हो."

"किती?"

"बांगडीएवढा."

त्यांनी किल्ली परत खिशात घातली. कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जाता जाता ओट्यावरच्या खोक्यातून मोठ्या मशीनचे वापरलेले लांब बेल्ट त्यांनी पिशवीत भरले आणि माझ्या मागं स्कूटरवर बसले.

व्यायामशाळेत त्यांनी शर्ट काढला, बनियनही काढलं आणि खांबाला मिठी मारली. सत्तरीतला माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. गालानं, छातीनं, पोटानं खांब चाचपत ते हळूहळू खाली बसले. मग म्हणाले, "खड्डा भरता नाय यायचा. काय बी भरलं तरी तेलानं सुटंल आन पोरीच्या मांडीत जाईल. खड्डा वर येत नाय, तर बाकीचं खाली न्यायचं."

सर घाबरून म्हणाले, "काका, घेराला माप असतं. चाचणीच्या दिवशी टेप लावतात." टेप लावून पाहिला. मापाच्या आत राहायला सगळीकडून फार तर दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरवता येणार होतं. म्हणजे खड्डा नाहीसा होईपर्यंत खांब उतरवायचा, आणि त्याच्यापुढं एक घासही जास्त नाही.

आधी गरम केलेला लाकडाचा भुसा आणि खडूची पूड चोळून चोळून वरचं तेल ओढून घेतलं. मग काकांनी सुरीनं त्या लांब बेल्टांचे सांधे कापले. कापडी पाठीचा चाळीस नंबरचा पट्टा मोकळा झाला. तो खांबाच्या मागून घेतला, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. ताक घुसळताना दोरी ओढतात तसं. मी ओढायचं, त्यांनी सोडायचं. त्यांनी ओढायचं, मी सोडायचं. पट्टा गोल वळतो त्यामुळे खांब गोलच राहतो. खांबभर पेन्सिलीच्या रेघा काढायच्या, त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं, पुन्हा रेघा. खड्ड्यातल्या रेघा मात्र तशाच राहायच्या. त्या ज्या दिवशी पुसल्या जातील त्या दिवशी खड्डा गेला.

पहिल्याच दिवशी, चारच्या सुमाराला, पालक मुलींना घेऊन आले. खांब पाहून सगळे थबकले. एका मुलीचे वडील पुढं आले, त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, आवाज मोठा. "हे कुणी केलं? आठ दिवसांवर चाचणी आहे. कुणी हात लावला याला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला तो काकांचा.

"बेल्ट मी दिला हिला. चुकीचा दिला."

त्या गृहस्थांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आजोबा, आता घरी बसा ना. कशाला पोरींच्या जिवाशी खेळता?"

काका म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि पट्ट्याचं टोक माझ्याकडं केलं. "वढ."

मी ओढलं. मी काहीच बोलले नाही. मला बोलता आलं असतं, चांगली दोन-तीन मिनिटं ते सगळे तिथं उभे होते.

दुसऱ्या दिवशी, पट्टा ओढता ओढता मी विचारलं, "काका, असं का बोललात?"

"माझ्या दुकानाला चाळीस वरसं झाली. एका चुकीनं काय बंद पडतंय? तुझ्या गाळ्याच्या पाटीचा रंग वला हाय अजून." मग थोड्या वेळानं, "दाबू नको. पट्ट्याला त्याचं काम करू दे."

चार दिवस आम्ही ओढत होतो. चाळीस झाला, साठ झाला. तिसऱ्या दिवशी खड्ड्यातली शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा काकांनी रेवाला बोलावून तिचा हात त्यावरून फिरवला आणि विचारलं, "कुठं व्हता?" तिला सांगता आलं नाही. मग ऐंशी, मग एकशेवीस. मी आणखी बारीक नंबर काढायला लागले तर त्यांनी हात धरला. "बास. याच्यापुढं पोरी घसरतील. अंगाला धरायला काय तरी ठिवावं लागतं." एरंडेल चोळून झाल्यावर ते म्हणाले, "आधी तू चढ." मी एक्केचाळीस वर्षांची, साडेतीन फूट वर गेले, मांड्यांनी खांब धरला आणि तिथंच लटकून राहिले. कुठंही काही टोचलं नाही. बारा मुली खालून खिदळत होत्या.

चाचणीच्या दिवशी टेप लागला, घेर मापात भरला. रेवाची निवड झाली नाही, आमच्यातल्या दुसऱ्या दोघींची झाली. त्या मोठ्या आवाजाच्या गृहस्थांची मुलगी त्यांतली एक. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही.

पण गोष्ट बाजारात पोचली होती. नाशिक मोठं झालं असेल, सातपूर तेवढंच आहे. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं काकांना छेडायला लागली. "काका, बेल्ट नीट बघून द्या हां, आमचा खांब नाही करायचा." काका हसून म्हणायचे, "लाकूड दाखव." ते दुसरं वाक्य, चुकीचा बेल्ट कधी दिला नाय, ते मात्र त्यांनी त्यानंतर एकदाही उच्चारलं नाही. गिऱ्हाइकांचं ते छेडणं मी माझ्या कानांनी किती वेळा ऐकलं असेल. हातात माझा लाकडाचा तुकडा घेऊन, मान खाली घालून उभी राहायचे. माझं वर्कशॉप वाढत होतं. वायनरीचं काम आलं, मग दोन हॉटेलांचं, मग त्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरचं सगळं फर्निचर. दर वेळी मनाशी म्हणायचे, पुढच्या वेळी सांगू. सहा वर्षं गेली.

गेल्या दसऱ्याला व्यायामशाळेत नवा खांब उभा राहिला. त्याच्या पूजेला सरांनी काकांना आवर्जून बोलावलं, कारण दिवाळीनंतर ते दुकान आवरून मुलीकडे मनमाडला राहायला जाणार होते. जावई तिथं रेल्वेत आहेत. काकू गेल्यापासून मुलीनं धोशाच लावला होता. काकांना आता ऐकायला कमी येत होतं. पहिल्या रांगेत, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, झेंडूच्या माळेखाली बसले होते. जुने पालक झाडून सगळे आले होते. रेवा सतरा वर्षांची, छोट्या मुलींना शिकवते आता, ती खांबाशी उभी होती.

सर भाषणात काकांबद्दल खूप चांगलं बोलले. शेवटी हसत म्हणाले, "काकांनी आयुष्यात एकदाच चुकीचा बेल्ट दिला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. पण तो खांब त्यांनी असा दुरुस्त केला, की ती चूकही आम्हाला लाभली." सगळे हसले, टाळ्या झाल्या. काकाही मान डोलवून हसले.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. म्हटलं, "सर, तो बेल्ट काकांनी दिला नव्हता. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. मी दुसरीकडून आणला. खांब मी बिघडवला आणि त्या दिवशी त्यांनी माझी चूक अंगावर घेतली. मी गप्प बसले."

रेवा माझ्याकडे बघत होती, तिला हे माहीत असूनही. ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ चपापून काकांकडे बघायला लागले.

काकांनी कानाला हात लावला. "काय म्हणती? मोठ्यानं बोल."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण आता उभी राहिलेच होते. पुन्हा सगळं बोलले, ओरडूनच, शब्द न् शब्द. बेल्ट त्यांनी दिला नव्हता. चूक माझी होती. मी गप्प बसले. या वेळी रडू आलं, आणि ते थांबवायचा प्रयत्न मी केला नाही.

मग त्यांच्याजवळ गेले आणि वाकून पाया पडले. ते गृहस्थ माझ्या आधीच तिथं येऊन हात जोडून उभे होते. काकांनी त्यांना बसायची खूण केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला कानाजवळ ओढलं.

"पयल्यांदा बोललीस तवाच ऐकू आलं व्हतं मला," ते म्हणाले. "तुला नीट ऐकू यावं म्हणून परत बोलायला लावलं."